स्टेटस बघितलं का, बाई?

"बाई, ओ बाई! टोकाच्या बंगल्यातलं ऐकलंत का?"

आक्कांचा आवाज भिंतीवरून आला की मी गॅस बारीक करते. बीडच्या बार्शी रोडकडच्या आमच्या कॉलनीत दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. आक्कांचं माहेर शिरूर कासारकडचं, सासर बीडचं, आणि कान अख्ख्या जिल्ह्यात.

"काय झालं?"

"कुणाला सांगू नका. त्यांच्या धाकट्याचा वाढदिवस झाला. दहावीत हाय. चौकात गाडीच्या बोनेटवर केक मांडले, आन् कापले कशानं? तलवारीनं! व्हिडिओ टाकला इन्स्टाग्रामवर, खाली 'भाईचा बड्डे'चं गाणं. दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. बाप म्हणला, 'लेकरू हाय साहेब.' साहेब म्हणले, 'लेकरू हाय तर तलवार कुणाची?'"

"कुणाची होती?"

"मामाची निघाली. मग हात जोडून दुसरा व्हिडिओ काढला, माफीचा. त्याला पहिल्यापेक्षा जास्त लाईक आले म्हणायलेत."

हसू आलं, पण पुरतं आलं नाही. पिस्तूल, तलवार आणि स्लो मोशनमधली चाल यांनी जिल्ह्याचं नाव गेल्या दोन वर्षांत पार दिल्लीपर्यंत नेलं. 9 डिसेंबर 2024 ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. पुढच्या मार्चमध्ये खुनाआधीच्या छळाचे फोटो बाहेर आले. मोठ्यांना बघवत नव्हते असे. मी शिकवते त्या शाळेत मधल्या सुट्टीत आठवीची सात-आठ डोकी एका फोनवर वाकलेली. फोन काढून घेतला तर एक जण अगदी साळसूदपणे म्हणाला, "बाई, आमच्या घरच्या ग्रुपवर सकाळीच आलेत."

हे सांगितलं तशी आक्का भिंतीवर कोपर टेकून उभ्या राहिल्या. "घरच्या ग्रुपवर? म्हणजे मामानं टाकले, काकानं पुढं ढकलले, आन् पोरानं बघितले तर पोरगं बिघडलं!"

"तेच तर."

"तेच तर नाय, बाई. आमच्या घरात हेच चाललंय. आमचे हे दिवसभर काय करतात? वट्ट्यावर बसून पुढं ढकलायचं. ह्यांना रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण ग्रुपात अजून मुख्याध्यापक हायेत."

आतून गुरुजींचा खोकला ऐकू आला. खोकला खरा नव्हता.

आक्कांनी आवाज खाली घेतला. "आता खरी गोष्ट सांगते. आमचा नातू आन् समोरचा. दोघं अकरावीत. रांगायला लागले तवापासून सोबत. एकच बॅट, तीबी आमच्या गॅलरीत ठिवलेली. समोरचा झाला तवा त्याच्या आईच्या बाळंतपणात शेक-शेगडी मी केली. आन् हे दोघं लोकसभेनंतर दीड महिना एकमेकांशी बोलले नाय."

"निकालावरून?"

"निकालावरून म्हणावं तर दोघांचंबी मतदान नाय. वयच नाय!"

2024 च्या त्या निकालात बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांना 6,553 मतांनी हरवलं. मतमोजणी उशिरापर्यंत चालली आणि फरक एवढासा, म्हणून निकाल लागल्यावर पोरांच्या स्टेटसवर दुसरी निवडणूक सुरू झाली. एकानं आपल्या समाजाचा वाघ लावला की दुसऱ्यानं आपला सिंह. एखाद्या पोस्टवरून कुठं गाव बंद, कुठं मोर्चा. अमक्याच्या दुकानात जायचं नाही, तमक्याच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही, असल्या शपथांचे व्हिडिओ फिरले. त्याच्या आधीच्या वर्षी, 30 ऑक्टोबरला, आरक्षणाच्या आंदोलनात बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली होती, संचारबंदी लागली होती. तेव्हापासून पोरांना 'आपले' कोण हे गल्लीनं सांगायचं थांबवलं आणि फोननं सांगायला घेतलं.

"पण भांडले कशावरून?" मी विचारलं.

"इथंच तर गंमत हाय. भांडलेच नाय! त्यानं स्टेटस ठिवलं. ह्यानं बघितलं, काय बोलला नाय, पण आपलंबी एक ठिवलं. मग त्यानं ते बघितलं. कुणी कुणाला तोंडानं शब्द बोललं नाय. आम्ही पोरी नळावर भांडायचो तर झिंज्या उपटायचो, पण घागर भरली की परत सोबत घरी. भांडण झालं तर मिटंल. झालंच नाय तर मिटवायचं काय, सांगा?"

आक्कांची दुसरी इयत्ता झालेली आहे. माझी डी.एड. झालेली आहे. ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. वर्गात मी हेच रोज बघते. कुणी स्टेटस बघितलं त्याची यादी पोरांना दिसते. मग ज्यानं बघितलं नाही त्याचा राग, आणि ज्यानं बघूनही काही म्हटलं नाही त्याचा त्याहून मोठा राग.

"आन् नावाचं बघितलंत का?" आक्का म्हणाल्या. "नातवाच्या इन्स्टाग्रामवर नाव बारीक, आडनाव ढब्बू. त्याच्यापुढं मुकुट, ज्वाळा, काय काय. मी म्हणलं, 'आरं, तुला गल्लीत कोणी आडनावानं हाक मारतंय का?' तर म्हणला, 'आज्जे, तुला नाय कळायचं, ती आपली ओळख हाय.'"

"आणि तिकडं पोलिसांनी आडनाव काढलं."

"व्हय की! कोण ते साहेब?"

"नवनीत काँवत." 2025 च्या सुरुवातीला जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक म्हणून त्यांनी पोलिसांना सांगितलं की एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारा, टेबलावरच्या आणि वर्दीवरच्या पाटीवर आडनाव नको. तक्रार घेऊन आलेल्या माणसानं आधी आडनाव वाचायचं आणि मग आपल्याला न्याय मिळणार की नाही ते ठरवायचं, हे थांबावं म्हणून.

"चांगलं केलं," आक्का म्हणाल्या. "पण साहेबानं पाटी बदलली, पोरांची पाटी त्यांच्या हातात. ती कोण बदलणार?"

तेवढ्यात गुरुजी बाहेर आलेच. हातात फोन, चष्मा कपाळावर. "बाई, मी ऐकत होतो. माझ्यावर नाहक ठपका आहे. मी फक्त माहिती पुढं पाठवतो."

"माहिती!" आक्का म्हणाल्या. "निकालाच्या दिवशी तुम्ही कोणती माहिती पाठवली ती सांगू का बाईंला? तीच नातवानं उचलून स्टेटसला लावली."

गुरुजींनी विषय राष्ट्रीय पातळीवर नेला. मुख्याध्यापक अडचणीत आला की आकडेवारी काढतो. "हे बघा, 'असर'चा 2024 चा अहवाल आहे. देशभरातल्या खेड्यापाड्यांतली, स्मार्टफोन वापरता येणारी 14 ते 16 वर्षांची मुलं. मागच्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काही केलं का, तर 57 टक्के हो म्हणाली. सोशल मीडिया बघितला का, तर 76 टक्के हो म्हणाली."

"आन् राहिलेली 24 टक्के खोटं बोलली," आक्का म्हणाल्या.

"ऑस्ट्रेलियानं तर 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांची खातीच बंद केली. इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉकवरची. आपल्याकडंही 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे. पुरता लागू झाला की 18 वर्षांखालच्या मुलांसाठी कंपनीला पालकांची संमती घ्यावी लागेल."

"संमती कोण देणार?"

"पालक."

"आमच्या भावाचं व्हॉट्सॲप कोणी उघडून दिलं? त्याच्या पोरानं. पासवर्ड कुणाला माहीत? पोराला. मग कंपनीनं बापाला विचारलं की पोरगंच बापाच्या फोनवर 'होय' दाबणार, आन् बाप म्हणणार, बघ रं काय आलंय."

कायद्याची एवढी कडक चिकित्सा वर्तमानपत्रात वाचायला मिळाली नव्हती.

भावाचं नाव निघालं आणि आक्कांचा सूर जरा बदलला. भाऊ-भावजय दरसाल ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतली की कोयता बांधला गेला. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघते ती गुढीपाडव्याच्या आसपास परत. जिल्ह्यातून अशी माणसं लाखांनी बाहेर पडतात, सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंत. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. काही पोरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. भावाचा पोरगा नववीला आहे, आणि शिकायला आक्कांकडं आहे.

"मीबी आधी त्याच्यावर वरडायची. जेवताना फोन कशाला म्हणून. एकदा हिसकून घेतला. आत बघते तर भावजय! कोपीपुढं चुलीशी बसलेली, भाकरी थापायलेली. फोन तांब्याला टेकून ठिवलेला. इकडं ह्यानं आपला फोन डब्याला टेकून ठिवलेला. दोघं बोलतबी नव्हते. ती भाकरी टाकायली, हा जेवायला. ती मधीच म्हणली, 'भाजी संपव.' तिला तिथून ताट दिसत होतं, बाई."

गुरुजींनी चष्मा नाकावर घेतला आणि काढला.

"तवापासून मी त्याच्या फोनला हात लावत नाय. टोळीतल्या सगळ्या पोरांचा त्यांचा एक ग्रुप हाय. एकाची आई आजारी पडली तर दुसऱ्याच्या आईनं फडावरून फोटो पाठिवला, बघ, बरी हाय म्हणून. आता ह्याला व्यसन म्हणू का नातं म्हणू?"

मी म्हटलं, "नातंच. पण तोच पोरगा रात्री एकपर्यंत रील बघतो ना?"

"बघतो! आई साडेआठला फोन ठिवते, दिवस उगवायच्या आत फडावर जायचं असतंय. हा पुढं चालूच. उसाच्या ट्रॅक्टरचे रील, ढिगावर उभं राहून नाचणारी पोरं. सकाळी डोळे लाल."

मग पोरींचं निघालं. ते निघाल्यावर गुरुजी आपणहून कुंडीला पाणी घालायला गेले. जुन्या माणसांना काही गोष्टी कळतात.

पोराच्या हातात फोन असला तर 'वापरतोय', पोरीच्या हातात असला तर 'कुणाशी बोलते?' आमच्या वर्गातल्या पोरींच्या खात्यांवर स्वतःचा फोटो नसतो. गुलाब, मोरपीस, नाहीतर पाठमोरी नटी. नाव खोटं, भावाला ब्लॉक केलेलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायांपैकी 43.7 टक्क्यांची लग्नं 18 च्या आत झालेली निघाली. असल्या जिल्ह्यात पोरीच्या फोनची किंमत फार मोठी असते. एखादा मेसेज घरच्यांनी बघितला की सोयरीक ठरते, आणि दहावीचा फॉर्म तसाच राहतो.

"मग पोरी काय करतात?" आक्कांनी विचारलं.

"हळू बोला. आमच्या पोरींच्या एका ग्रुपचं नाव आहे 'गणित गृहपाठ'."

"चांगलंय की."

"त्यात एकही गणित नाही. सगळ्या गप्पा. घरच्यांनी नाव बघितलं तर शंका नको म्हणून. मागं त्यातच कुणीतरी टाकलं की अमकीच्या घरी गुपचूप हळदीची तयारी चालू आहे. दुसरीनं 1098 ला फोन लावला. अधिकारी आले, लग्न थांबलं. फोन कुणी केला हे गावाला अजून कळलेलं नाही, आणि तुम्हालाही मी सांगितलेलं नाही."

"मी कुणाला सांगती!" आक्का म्हणाल्या. त्या सांगणार नाहीत. पोरीबाळींच्या बाबतीत आक्कांचं पोट विहिरीएवढं खोल आहे.

"मग फोन चांगला का वाईट, ते तरी ठरवा," कुंडीजवळून गुरुजी म्हणाले. कान इकडंच होते.

"तुमच्या नातवाचं आणि समोरच्याचं काय झालं ते सांगा आधी," मी म्हटलं. "परवा तर एकाच गाडीवर चालले होते."

आक्कांचा चेहरा खुलला. "पोलीस भरती! दोघांनाबी जायचंय. अठरा व्हायला वेळ हाय, पण तयारी आतापासून. स्टेडियमवर पळणाऱ्या पोरांचा एक ग्रुप हाय, पहाटे पाचला मेसेज येतो, कोण कोण आलं. दोघं वेगवेगळे जायचे, तोंड फिरवून. पण 1600 मीटर पळायचं तर टाईम कोण लावणार? एकानं पळायचं, एकानं घड्याळ धरायचं. एक दिवस ग्रुपच्या मास्तरनं ह्यालाच सांगितलं, ह्याचा टाईम लाव. ह्यानं फोन काढला, स्टॉपवॉच लावलं. तो पळून आला, धापा टाकत म्हणला, 'किती?' आता टाईम सांगायचा तर बोलावं लागतंय की नाय? संपला अबोला!"

मांडव्याचा अविनाश साबळे त्या ग्रुपचा देव आहे. आष्टी तालुक्यातल्या खेड्यातला पोरगा 2023 च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन आला. त्याच्या शर्यतींचे तुकडे हीच पोरं एकमेकांना पाठवतात. आडनावाचे वाघ लावणारी पोरंसुद्धा तिथं फक्त टाईम विचारतात.

माझ्या मनात कधीपासून घोळत होतं ते मी बोलून टाकलं. "गुरुजी, मला एवढंच दिसतं. ज्या ग्रुपातली पोरं सकाळी समोरासमोर येतात, त्यात कडवटपणा टिकत नाही. टोळीच्या पोरांचा घ्या, भरतीचा घ्या, त्या पोरींचा घ्या. आणि ज्या ग्रुपात कुणी कुणाला कधीच भेटणार नसतं, तिथं सगळे वाघ. ते ग्रुप पोरांनी काढलेले नाहीत. आपल्यासारख्यांनी काढले आणि पोरांना ॲड केलं."

गुरुजी काही बोलले नाहीत. पाणी कुंडीतून वाहून पायऱ्यांवर आलं.

"मग बंद करायचं तर सगळ्यांचं," आक्का म्हणाल्या. "भावजय मागच्या हंगामात कडेगावकडं होती. तिकडं एका गावात संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो म्हणं. वाजला की टीव्ही बंद, फोन बंद. साडेआठपर्यंत."

"मोहित्यांचे वडगाव," मी म्हटलं. सांगली जिल्ह्यातलं ते गाव. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावानं ठराव केला. कोरोनात ऑनलाइन शाळेसाठी पोरांच्या हातात आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, अशी मास्तरांची तक्रार होती. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी गावानं 18 वर्षांखालच्यांना फोनबंदी केली. वडगावची गोष्ट मला जास्त पटते, कारण तिथं भोंगा आईबापांसाठीही वाजतो. पोरानं पुस्तक उघडायचं आणि बापानं शेजारी मालिका बघायची, असं नाही.

"आन् ते शिव्यांचं गाव?"

"नेवासा तालुक्यातलं सौंदाळा. आई-बहिणीवरून शिवी दिली की 500 रुपये दंड. 2024 च्या नोव्हेंबरात ठराव झाला."

"इन्स्टाग्रामच्या कमेंटला तो दंड लावला तर नगर-बीड रेल्वे कवाच परळीला पोचली असती," आक्का म्हणाल्या. 1995 ला मंजूर झालेली ती रेल्वे 17 सप्टेंबर 2025 ला एकदाची बीडला आली. त्या दिवशी स्टेशनवर गाडीपेक्षा रील जास्त धावले.

"आपल्या गल्लीत भोंगा लावायचा का?" गुरुजींनी विचारलं. आवाजात तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याची धास्ती होती.

"भोंगा नको, लोक म्हणतील कुणाचा भोंगा, आन् त्याच्यावरून नवं स्टेटस," आक्का म्हणाल्या. "मी दुसरं ठरवलंय. रविवारी आपल्या शेतावर हुरडा. गूळभेंडी भरलीय चांगली. लसणाची चटणी मी करते, बाई तुम्ही दही आणा. समोरच्याला, बंगल्यातल्या तलवारवाल्याला, सगळ्यांना बोलवायचं. आगटी पोरांनी पेटवायची, कणसं पोरांनी चोळायची. निरोप द्यायला घरोघर कोण फिरणार? नातवाला सांगते, टाक तुझ्या स्टेटसला. एवढं बघतात तर आमंत्रणबी बघतील."

"तलवारवाल्यालाही?"

"त्याला तर पहिला. त्याला माहीत होऊ द्या, तलवारीशिवायबी दहा माणसं जमतात म्हणून. कणसं कापायला विळा देते, काढ म्हणावं व्हिडिओ."

"आणि फोन?"

"आगटीपाशी पाटी ठिवणार. येणाऱ्यानं फोन पाटीत टाकायचा, जाताना घ्यायचा. भावाच्या पोराचा तेवढा बाहेर, त्याच्या आईला हुरडा दाखवायचाय. बाकी सगळ्यांचे आत. पहिला ह्यांचा."

"माझा कशाला?" गुरुजी म्हणाले. "मी काय पोरगं आहे?"

"पोरगं असता तर एव्हाना टाकला असता."